इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : म्यिंज्यान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व मराठी लेखिका होत्या. भारतातील नातेसंबंधांचा प्रदेशवार अभ्यास करून त्यांनी देशाचे चार विभाग मांडले. भाषा, विवाहाचे नियम आणि नात्यांची नावे यांची भौगोलिक मांडणी केली तर समाजाची घडण उलगडते, हे त्यांच्या कामाचे मुख्य सूत्र होते.

शिक्षण

वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात नोकरीस होते. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्या पुण्यास हुजूरपागा शाळेत आल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठात त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे त्यांनी मानवी कवटीच्या असमरूपतेवर संशोधन केले. या असमरूपतेचा वंशाशी संबंध असावा, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंना मोजमापांत तसा संबंध आढळला नाही आणि मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात नोंदवला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करीत होत्या.

नातेसंबंधांचे चार विभाग

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषिक प्रदेश, जात आणि कुटुंबरचना या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय भारतीय समाज समजत नाही, अशी त्यांची भूमिका होती. भाषिक प्रदेशांच्या आधारे त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग केले. उत्तरेत जवळच्या नात्यात विवाह निषिद्ध असून मुलगी बहुधा परगावी दिली जाते. दक्षिणेत आते-मामे भावंडांचे विवाह मान्य आहेत. पूर्व विभाग सलग नाही. मुंडा, खासी इत्यादी भाषा बोलणाऱ्यांच्या विखुरलेल्या वस्त्यांचा तो बनलेला आहे.

महाराष्ट्र मध्य विभागात येतो. भाषा उत्तरेच्या कुळातली, पण अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न मान्य आणि आतेबहिणीशी मात्र टाळलेले, असा हा संधिप्रदेश आहे. सून पूर्वी सासूला आत्याबाई म्हणत असे, या मराठी रूढीतही याच चालीची खूण दिसते. अशा विवाहात सासू ही मुलीची आत्याच असते.

जात आणि प्रदेश

एका नावाच्या जातीच्या पोटजाती मूळ जातीचे तुकडे पडून झाल्या, हे मत इरावतीबाईंना मान्य नव्हते. महाराष्ट्रातील कुंभार व ब्राह्मण गटांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखवले, की वेगवेगळ्या मूळचे गट समान व्यवसायामुळे किंवा दर्जामुळे एका नावाखाली आले असावेत. पंढरीच्या वारीवरील लेखात त्यांनी महाराष्ट्राची ओळख राजकीय सीमेऐवजी पंढरपूरला चालत जाणाऱ्या लोकांवरून केली. परंतु एकाच दिंडीत जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंगतींची खंतही त्यात नोंदवली.

'महाराष्ट्र : लँड अँड इट्स पीपल' (१९६८) या ग्रंथात त्यांनी राज्याचा भूगोल व लोकजीवन यांची सांगड घातली. जाई निंबकर यांच्यासह केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. खोरे पाण्याखाली गेल्यावर विस्थापित कुटुंबांचे काय झाले, हा तिचा विषय होता. आठवडी बाजारांवरील अभ्यासही त्यांच्या अखेरच्या काळातला आहे.

मूल्यमापन

चार विभागांची मांडणी फार ठोकळ आहे, संस्कृत ग्रंथांवर अधिक विसंबते आणि हिंदूंखेरीज इतर समाजांना पुरेसे स्थान देत नाही, असे आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतले. शरीरमापनावर आधारलेली पद्धतही आता मागे पडली आहे. तरीही विवाहाच्या नियमांतील प्रादेशिक फरक अभ्यासताना या विभागणीपासून आरंभ करण्याची प्रथा टिकून आहे.

'युगान्त' (१९६७) या महाभारतावरील ग्रंथास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'परिपूर्ती', 'भोवरा' व मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला 'गंगाजल' हे त्यांचे ललित लेखसंग्रह होत.