योहान डोबेरायनर : हायड्रोजनला वेसण घालणारे रसायनशास्त्रज्ञ

हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्या आता युरोप, जपान, चीन अशा देशांत रस्त्यावर धावू लागल्या आहेत. त्यांच्या मागच्या नळीतून धूर निघत नाही, नुसती पाण्याची वाफ निघते, असे आपण ऐकतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. वाफेबरोबर थोडासा न वापरलेला हायड्रोजनही बाहेर पडतो. त्याला आवरण्यासाठी प्लॅटिनमचा जो गुण कामी येतो, तो एका गाडीवानाच्या मुलाने १८२३ साली जगाला दाखवून दिला होता. त्यांचे नाव योहान वोल्फगांग डोबेरायनर.

त्यांचा जन्म १३ डिसेंबर १७८० रोजी जर्मनीतील होफ गावाजवळ झाला. घरची गरिबी. शाळा अशी फारशी मिळालीच नाही. आईने लक्ष घालून जे शिकवले तेवढेच. चौदाव्या वर्षी त्यांना एका औषधवाल्याच्या दुकानात शिकाऊ म्हणून ठेवले. तिथे खल-बत्ता घोटता घोटता ते रसायने शिकले. पुढे गावोगाव फिरून नोकऱ्या केल्या, रात्री पुस्तके वाचली. लग्न झाल्यावर स्वतःचा रसायनांचा धंदा काढला आणि तो बुडाला. हातात पदवी नाही, पदरात मुलेबाळे, अशी अवस्था होती.

अशा माणसाला १८१० साली येना विद्यापीठाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक नेमले, ही गोष्ट आजच्या काळात घडणे कठीण आहे. १८०६ च्या लढाईत नेपोलियनच्या फौजांनी येना शहराची दैना केली होती आणि विद्यापीठ खचले होते. त्याची देखरेख ड्यूक कार्ल आउगुस्ट यांच्या वतीने महाकवी गटे करीत असत. त्यांना विज्ञानाची मोठी आवड होती. डोबेरायनर यांना पदवी नव्हती, तर विद्यापीठाने घाईने डॉक्टरेट देऊन टाकली! गटे आणि डोबेरायनर यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. प्लॅटिनम तेव्हाही महागच होते. प्रयोगासाठी ते ड्यूकसाहेबांनी मिळवून दिले.

१८२३ च्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. प्लॅटिनमची स्पंजासारखी सच्छिद्र भुकटी त्यांनी तयार केली होती. तिच्यावर त्यांनी हायड्रोजनची बारीक धार सोडली. नळीचे तोंड थोडे दूर ठेवले होते, म्हणजे वाटेत हायड्रोजनमध्ये हवा मिसळावी. पाहता पाहता प्लॅटिनम लाल झाले, मग पांढरे झाले आणि हायड्रोजन पेटला. काडी नाही, ठिणगी नाही आणि प्लॅटिनम होते तेवढेच शिल्लक! याआधी १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तापवलेली प्लॅटिनमची तार वायूंच्या मिश्रणात ज्योतीशिवाय लाल राहते हे पाहिले होते; पण थंड प्लॅटिनमने हे करून दाखवणे ही नवलाई होती. लंडनमध्ये फॅरडे यांनी त्याच वर्षी हा प्रयोग करून पाहिला. अशा पदार्थाला आपण आज उत्प्रेरक म्हणतो. त्या क्रियेचे नाव बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये ठेवले.

डोबेरायनर यांनी लगेच त्याचा दिवा केला. काचेच्या भांड्यात सल्फ्युरिक ॲसिड, त्यात जस्ताचा तुकडा. तोटी उघडली की हायड्रोजन प्लॅटिनमवर जाई आणि ज्योत पेटे. तोटी बंद केली की साठलेला वायू ॲसिडला खाली दाबी, जस्त कोरडे पडे आणि वायू तयार होणेच थांबे. मला या दिव्यात ज्योतीपेक्षा ही आपोआप थांबण्याची सोय जास्त आवडते. काडेपेटी घरोघरी नव्हती त्या काळी हे दिवे हजारोंनी खपले. एकदा धंदा बुडालेल्या या माणसाने त्याचे पेटंट मात्र घेतले नाही.

आता दुसरी बाजू. हेच प्लॅटिनम मातीत मिसळून गोळ्या केल्या तर भडका उडत नाही, वायू सावकाश एकत्र येऊन पाणी होते, असे त्या काळच्या रसायनज्ञांना १८२४ च्या सुमारास दिसले. वायूंची मिश्रणे तपासण्यासाठी ते अशा गोळ्या वापरू लागले. एकच धातू, तो पेटवतोही आणि शांतही करतो.

याचे महत्त्व फ्युएल सेलमध्ये कळते. तिथे एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये पातळ पडदा असतो. हवेतला नायट्रोजन पडद्यातून हळूहळू झिरपून हायड्रोजनच्या बाजूला साठतो, पाणीही साठते आणि वीज कमी पडू लागते. म्हणून मधून मधून झडप उघडून ती बाजू साफ करावी लागते. त्या वेळी हायड्रोजनही बाहेर जातो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असले की तो पेटू शकतो, आणि त्यासाठी अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. शाळेत जस्तावर ॲसिड टाकून परीक्षानळीच्या तोंडाशी काडी धरल्यावर होणारा आवाज अनेकांना आठवत असेल. नळी एवढीशी असते म्हणून आपण हसतो. उघड्यावर हा हलका वायू वर निघून जातो. बंद गॅरेजमध्ये तो छताखाली साठतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे झडपेतून निघालेला वायू फ्युएल सेलच्या वापरलेल्या भरपूर हवेत मिसळून पातळ करणे. काही यंत्रांत त्यानंतर तो प्लॅटिनम लावलेल्या चिनी मातीच्या जाळीतून नेतात आणि उरलेल्या हायड्रोजनचे पाणी करतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. दाट हायड्रोजन थेट जाळीवर सोडला तर जाळी तापून लाल होईल आणि तिचाच डोबेरायनरचा दिवा होईल. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या वाहन-नियमांप्रमाणे नळीच्या तोंडाशी हायड्रोजनचे प्रमाण कोणत्याही तीन सेकंदांच्या सरासरीने ४ टक्क्यांवर जाता कामा नये, आणि एका क्षणासाठीही ८ टक्क्यांवर नाही.

मग स्वयंपाकाच्या गॅससारखा वास का मिसळत नाहीत, असे गृहिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. तो वास बहुधा गंधकाच्या संयुगाचा असतो आणि गंधकाने प्लॅटिनम निकामी होते. हेही १८२४ मध्येच एडिंबरोच्या एडवर्ड टर्नर यांच्या ध्यानात आले होते. म्हणून नाकाचे काम यंत्रांना करावे लागते: गळती कळली की इशारा देणे आणि टाकीची झडप बंद करणे.

डोबेरायनर यांना मोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली, पण त्यांनी येना सोडले नाही. १८२९ मध्ये त्यांनी कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम अशी मूलद्रव्यांची त्रिके मांडली. आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते ते याच धड्यामुळे. दिव्याची गोष्ट पुस्तकात क्वचितच येते. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन आणून वीज काढली. आजच्या फ्युएल सेलची सुरुवात तिथून झाली. तेव्हा डोबेरायनर हयात होते. २४ मार्च १८४९ रोजी येना येथेच ते वारले. त्यांचे दिवे मात्र १८८० च्या आसपासपर्यंत बनत राहिले.