जीटीओ खरी की खोटी? कंपनीच्या नियमात फट शोधणाऱ्या जॉन डीलोरियनची गोष्ट

समजा, एखाद्याने ठरवलं की आयुष्यात एक तरी जुनी अमेरिकन मसल कार घ्यायचीच. अमेरिकेतल्या जाहिराती चाळता चाळता त्याला १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ दिसते. रंग झकास, इंजिन दांडगं, अंगावर जीटीओची अक्षरं. गडी खूश होतो आणि विक्रेत्याकडून गाडीचा ओळख क्रमांक मागवतो. बघतो तर काय, त्या क्रमांकात जीटीओचा पत्ताच नाही! तो क्रमांक सांगतो की ही पॉन्टिअ‍ॅकची लेमान्स आहे.

आता तुम्ही म्हणाल, विक्रेता फसवतोय. फसवत असेलही, पण क्रमांकावरून ते कळणार नाही. कारण १९६४ च्या अस्सल, कारखान्यातून निघालेल्या जीटीओच्या क्रमांकातही जीटीओ नाही. असं का झालं, याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव जॉन डीलोरियन.

जॉनचा जन्म ६ जानेवारी १९२५ चा, गाव डेट्रॉइट. अमेरिकेच्या मोटारींचं माहेरघर. वडील रोमानियातून आलेले, फोर्डच्या कारखान्यात कामाला. घरात पैसा बेताचा, वडिलांचं पिणं आणि भांडणं, शेवटी आईवडिलांचा घटस्फोट. पोरगा मात्र अभ्यासात हुशार निघाला. मध्ये महायुद्धामुळे सैन्यात जावं लागलं, परत येऊन त्याने इंजिनिअरिंग पूर्ण केलं. क्रायस्लरच्या संस्थेत पुढचं शिक्षण घेतलं, काही वर्षं पॅकार्ड कंपनीत काढली आणि १९५६ साली तो जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅक विभागात आला.

तेव्हा पॉन्टिअ‍ॅक ही वयस्कर, शांत माणसांची गाडी समजली जायची. विभागाचा प्रमुख बंकी नडसन याने ते चित्र बदलायचं ठरवलं. तरुण पोरं शर्यतीत जिंकणारी गाडी घेतात, हे त्याने ओळखलं होतं. पॉन्टिअ‍ॅक शर्यतींत उतरली, जिंकली आणि खपू लागली. १९६१ मध्ये डीलोरियन तिथला मुख्य इंजिनिअर झाला, वय अवघं ३६.

आणि १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी फर्मान काढलं, की कंपनीच्या कुठल्याही विभागाने शर्यतीच्या भानगडीत पडायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकची सगळी हवाच त्यावर होती. त्यात आणखी एक नियम होता. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही.

तर झालं असं, की डीलोरियन आणि त्याचे सहकारी शनिवारी कंपनीच्या चाचणी मैदानावर जमायचे. टेम्पेस्ट नावाच्या मधल्या आकाराच्या नव्या गाडीवर काम चालू होतं. तेव्हा बिल कॉलिन्स या इंजिनिअरने एक गोष्ट बोलून दाखवली. टेम्पेस्टमध्ये बसणारं ३२६ चं इंजिन आणि पॉन्टिअ‍ॅकच्या मोठ्या गाड्यांमधलं ३८९ चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं आहे. एक काढून दुसरं सहज बसेल. ३८९ घनइंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. काही दिवसांत तशी गाडी तयार झाली, डीलोरियनने ती चालवली आणि तो तिच्या प्रेमात पडला.

आता अडचण नियमाची. नवीन मॉडेल आणायचं तर जनरल मोटर्सच्या मुख्यालयातल्या चौदाव्या मजल्यावर बसणाऱ्या साहेबांची मंजुरी लागणार आणि ती मिळणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. डीलोरियनच्या डोक्यात मात्र फट आली. नियम मॉडेलला लागू होतो. ग्राहकाने जास्तीचे पैसे भरून घ्यायच्या पर्यायी साहित्याला चौदाव्या मजल्याची मंजुरी लागत नाही. मग मॉडेल आणायचंच कशाला? टेम्पेस्ट लेमान्स घ्या, वर २९५ डॉलर्स भरा, मोठं इंजिन आणि जीटीओची अक्षरं मिळतील. कागदावर गाडी लेमान्सच राहील.

नडसननंतर पॉन्टिअ‍ॅकचा प्रमुख झालेल्या पीट एस्टेसने जोखीम घेऊन होकार दिला. विक्रीप्रमुखाला ही गाडी खपेल असं वाटत नव्हतं, म्हणून आधी फक्त ५,००० गाड्यांचं ठरलं. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या ३२,४५०. वरच्या साहेबांना प्रकरण उमगेपर्यंत ऑर्डरींचा ढीग लागला होता आणि येणारा पैसा कोण थांबवणार? दुसऱ्या वर्षी ७५ हजारांच्या वर, तिसऱ्या वर्षी ९६ हजारांच्या वर. बाकीच्या कंपन्या मागे धावल्या आणि अमेरिकेत मसल कारचं युग सुरू झालं. मधल्या आकाराची स्वस्त गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन, हे सूत्र तेच.

जीटीओ हे नावही उसनंच. ते फेरारीच्या शर्यतीच्या गाडीचं, शर्यतीसाठी मान्यता मिळालेली गाडी असा त्याचा इटालियन अर्थ. पॉन्टिअ‍ॅकच्या गाडीला अशी कसलीही मान्यता नव्हती. नाव ठेवण्याचं श्रेय डीलोरियनला दिलं जातं. गाडीची कल्पना त्याची की कॉलिन्सची की जाहिरातवाल्या जिम वँगर्सची, यावर पुढे बरेच वाद झाले. इंजिन कॉलिन्सला सुचलं, तरुणांपर्यंत गाडी वँगर्सने पोचवली, पण नोकरी पणाला लावून ती कारखान्याबाहेर काढण्यात डीलोरियन आणि एस्टेसचा वाटा मोठा, असं म्हणणं न्यायाचं होईल.

वँगर्सचा एक उद्योग तर सांगायलाच हवा. १९६४ मध्ये एका नामांकित मोटार मासिकाने या गाडीची चाचणी घेतली. आकडे असे आले की वाचणारे थक्क झाले. बऱ्याच वर्षांनी वँगर्सने स्वतःच कबूल केलं, की त्या गाडीत ३८९ नव्हे, तर आणखी मोठं ४२१ चं इंजिन गुपचूप बसवलेलं होतं. बाहेरून फरक दिसत नव्हताच! तेव्हा बॉनेटखाली नक्की काय आहे हा प्रश्न या गाडीला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

डीलोरियनची फट आजच्या नवख्या ग्राहकाला महागात पडते ती इथे. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हा नुसता पर्याय होता, म्हणून क्रमांक लेमान्सचा. १९६६ मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली. तेव्हापासून १९७१ पर्यंत क्रमांकाची सुरुवात २४२ ने होते आणि ते आकडे दिसले की निदान मूळ गाडी जीटीओच होती हे कळतं. १९७२ पासून ती पुन्हा पर्याय झाली आणि १९७४ मध्ये संपली. १९६९ साली आलेली भडक रंगाची ‘जज’ ही तर जीटीओवरचाही पर्याय. पहिल्या वर्षी सात हजारांहूनही कमी बनल्या, त्यामुळे भाव जास्त आणि नकलाही जास्त. क्रमांक जीटीओ म्हणेल, जज म्हणणार नाही.

साध्या लेमान्समध्ये ३८९ चं इंजिन टाकून जीटीओ ‘बनवणं’ सोपं आहे. कारण तेच, इंजिनांचं बाहेरचं माप एक. मग खरं कसं ओळखायचं? कारखान्यातून डीलरला गाडी पाठवताना जे बिल बनायचं, त्यावर गाडीवर घेतलेले सगळे पर्याय नोंदलेले असत. पॉन्टिअ‍ॅकच्या त्या नोंदी सुदैवाने जपल्या गेल्या आहेत आणि अमेरिकेतली पीएचएस ही सेवा क्रमांक घेऊन पैसे भरले की त्याची प्रत देते. पहिली गाडी घेणाऱ्याने ही प्रत हाती आल्याशिवाय पैशाचं बोलूच नये. त्यानंतर इंजिनावर ठोकलेला संकेत त्या वर्षाच्या गाडीशी जुळतो का ते बघायचं. चासी आणि डिकीचा तळ गंजलाय का, हे विक्रेत्याच्या ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडून गाडी वर उचलून तपासून घ्यायचं. फोटोतला चकचकीत रंग गंज झाकायलाही मारलेला असतो.

अमेरिकेतून गाडी बाहेर काढायची तर तिचं मूळ मालकीपत्र लागतं. ते आणि गाडी निर्यातीच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टमसमोर मांडावी लागते. मालकीपत्र नंतर पाठवतो असं कोणी म्हणालं, तर तो व्यवहार सोडलेला बरा.

भारतात कित्येक वर्षं १९५० पूर्वीच्याच जुन्या गाड्या व्हिंटेज म्हणून आणता यायच्या, त्यामुळे मसल कारचा प्रश्नच नव्हता. २०२५ मध्ये तो नियम बदलला आणि ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना दार उघडलं. १९६४ ते १९७४ च्या सगळ्या जीटीओ त्यात येतात. पण जकात जबर आहे आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेली, व्हीए अक्षरांची पाटी असलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. त्यात स्टिअरिंग डावीकडे. तेव्हा घाटात ओव्हरटेक करायची स्वप्नं बघणाऱ्याने आधी नियम वाचावेत.

इकडे डीलोरियनची कमान चढतीच होती. १९६५ मध्ये चाळिशीत तो पॉन्टिअ‍ॅकचा प्रमुख झाला, जनरल मोटर्सच्या इतिहासातला सगळ्यात तरुण विभागप्रमुख. १९६९ मध्ये त्याच्याकडे शेव्हरोले आली. करड्या सुटातल्या साहेबांमध्ये हा लांब केसांचा, नट्या आणि मॉडेल्सबरोबर फिरणारा माणूस उठून दिसायचा आणि खटकायचाही. कंपनीचा अध्यक्ष होईल अशी चर्चा असताना १९७३ मध्ये त्याने राजीनामा दिला.

त्याला स्वतःची गाडी बनवायची होती. १९७५ मध्ये कंपनी काढली. हॉलीवूडमधल्या ओळखी कामी आल्या, टीव्हीवरचा प्रसिद्ध सूत्रसंचालक जॉनी कार्सन यानेही पैसे गुंतवले. कारखाना कुठे काढायचा, यावर अनेक देशांशी घासाघीस केल्यावर १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारशी जमलं. जागा ठरली उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या डनमरीत. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्तपात चालू होता, बेकारी भयंकर होती. सरकारला रोजगार हवा होता, डीलोरियनला पैसा. एकूण जवळपास ८ कोटी पौंड सरकारी तिजोरीतून आले. दलदलीच्या माळावर सव्वादोन वर्षांच्या आसपास कारखाना उभा राहिला आणि अडीच हजारांच्या घरात माणसं कामाला लागली. त्यातल्या अनेकांची ही आयुष्यातली पहिली नोकरी. दोन्ही धर्मांची माणसं एका छताखाली गाडी जोडत होती, तेही त्या शहरात!

गाडी दिसायला स्वप्नासारखी. रंग न दिलेलं स्टेनलेस स्टीलचं अंग, पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे. पण मसल कारचा जनक म्हणवणाऱ्या माणसाने बनवलेली ही गाडी होती सुस्त. मागे बसवलेलं इंजिन अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे जेमतेम १३० अश्वशक्ती द्यायचं. जीटीओ सतरा वर्षांपूर्वी ३२५ देत होती. किंमत १२ हजार डॉलर्स ठेवायचा बेत होता, ती गेली २५ हजारांवर. त्याहून बऱ्याच कमी पैशात कॉर्व्हेट मिळत होती. शिवाय नवख्या हातांनी घाईत जोडलेल्या गाड्या. आयर्लंडहून बोटीने अमेरिकेत उतरल्यावर त्या खास केंद्रांमध्ये पुन्हा नीट करून मगच डीलरकडे जायच्या.

१९८१ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा अमेरिकेत मंदी होती. गाड्या पडून राहू लागल्या, तरी डीलोरियनने उत्पादन वाढवलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी कर्जबाजारी म्हणून ताब्यात घेतली गेली. ती वाचवायला पैशांची शोधाशोध करता करता तो एफबीआयच्या सापळ्यात सापडला आणि १९ ऑक्टोबर १९८२ ला लॉस एंजेलिसमध्ये कोकेनच्या व्यवहारात अटक झाली. त्याच महिन्यात डनमरीचा कारखाना बंद पडला. जेमतेम ९ हजार गाड्या बनल्या होत्या. कामगार घरी बसले.

१९८४ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. सरकारी यंत्रणेनेच त्याला गुन्ह्यात ओढलं, हा वकिलांचा मुद्दा टिकला. पैशांच्या अफरातफरीच्या दुसऱ्या खटल्यातही तो १९८६ मध्ये सुटला. मात्र गाडी विकसित करायला लोटसला द्यायचे म्हणून पनामात नोंदलेल्या एका कंपनीकडे वळवलेले पावणेदोन कोटी डॉलर्स लोटसपर्यंत पोचले नाहीत, हा डाग राहिला. लोटसच्या एका बड्या अधिकाऱ्याला त्यात पुढे तुरुंगवास झाला. डीलोरियन अमेरिकेत होता, ब्रिटनच्या कोर्टासमोर तो कधी आलाच नाही.

१९८५ मध्ये ‘बॅक टू द फ्यूचर’ सिनेमा आला आणि बंद पडलेल्या कंपनीची ती गाडी जगभर पोरांच्या तोंडी झाली. मालकाचं मात्र कोर्टकज्ज्यांत सगळं गेलं. १९९९ मध्ये दिवाळखोरी, मग न्यू जर्सीतली मोठी इस्टेटही विकावी लागली. ती डोनाल्ड ट्रम्प यांनी घेऊन तिथे गोल्फचं मैदान केलं. १९ मार्च २००५ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, डीलोरियन पक्षाघाताने गेला.

त्याच्या जाण्याच्या आदल्याच वर्षी पॉन्टिअ‍ॅकने जीटीओ हे नाव पुन्हा बाजारात आणलं होतं. ती गाडी होती ऑस्ट्रेलियातल्या होल्डनची मोनारो, अमेरिकेत आयात करून पॉन्टिअ‍ॅकची अक्षरं लावलेली. १९८१ ची डीलोरियन मात्र भारतात आणायची कोणाच्या मनात असेल, तर ५० वर्षांच्या नियमाने २०३१ पर्यंत थांबावं लागेल.