एका पायाने धावलेला टेरी फॉक्स

थोर माणसांच्या गोष्टी आपण नेहमी वाचतो. आज मी कॅनडा देशातल्या एका पोराची गोष्ट सांगणार आहे. तो राजा नव्हता की पुढारी नव्हता. तो फक्त धावला. पण सगळा देश त्याला अजून विसरलेला नाही.

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग शहरात झाला. पुढे त्याचे आईवडील पोर्ट कोक्विटलम नावाच्या गावी राहायला गेले. टेरीला बास्केटबॉलचं फार वेड. पण हा खेळ उंच मुलांचा आणि टेरी बुटका. पहिल्यांदा त्याला खेळायला फारसं मिळतच नव्हतं. तरी त्यानं मैदान सोडलं नाही. रोज सराव केला. शाळा संपताना त्याला आणि त्याचा मित्र डग याला शाळेचे उत्तम खेळाडू म्हणून मान मिळाला.

टेरी कॉलेजात गेला आणि त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. १९७७ साली डॉक्टरांनी तपासलं तर हाडाचा कर्करोग निघाला. कर्करोग म्हणजेच कॅन्सर. तो हाडाला होतो, रक्ताला होतो, शरीरात कुठेही होतो. पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून अशा आजाऱ्याजवळ बसायला, त्याच्याशी बोलायला आपण भ्यायचं नाही.

टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढे १६ महिने औषधं चालली. त्या औषधांनी केस गळतात, उलट्या होतात. दवाखान्यात त्याला लहान लहान पोरंही दिसली. काही बरी होत होती, काही दगावत होती. टेरीला एक गोष्ट समजली. त्याच्यासारखे शंभर रोगी असले तर दोन वर्षांपूर्वी त्यातले १५ जगायचे. आता ५० जगण्याची आशा होती. हा फरक संशोधनामुळे झाला होता. शोध लावायला पैसा लागतो. मग टेरीनं ठरवलं, की आपण धावत सगळा देश ओलांडायचा आणि संशोधनासाठी वर्गणी गोळा करायची.

आईला आधी हे पटलं नाही. आईचा जीव तो! पण टेरीनं ऐकलं नाही. त्यानं कृत्रिम पाय लावून ५,००० किलोमीटरच्या वर सराव केला. १९७९ साली तो एका शर्यतीत उतरला आणि सगळ्यांत शेवटी आला. तरी लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

१२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स शहरात, त्यानं आपला कृत्रिम पाय समुद्रात बुडवला आणि धावायला सुरुवात केली. रोज जवळजवळ ४२ किलोमीटर! थंडी असो, पाऊस असो, ऊन असो. कृत्रिम पाय एकदा टाकला की चांगल्या पायावर दोनदा उडी मारावी लागे. पाय कापला होता तिथं फोड यायचे, रक्त यायचं. तो मुद्दाम अर्धी चड्डी घालायचा. कृत्रिम पायाची त्याला लाज वाटत नव्हती. डग गाडी घेऊन त्याच्या सोबत असायचा. पुढे धाकटा भाऊ डॅरेलपण आला.

पहिल्यांदा वर्गणी फार जमत नव्हती. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या गावानं कमाल केली. लोकवस्ती १०,००० आणि त्यांनी वर्गणी दिली १०,००० डॉलर. म्हणजे माणशी एक डॉलर. टेरीची इच्छा झाली, की देशातल्या प्रत्येक माणसानं एक डॉलर द्यावा. तेव्हा कॅनडात सुमारे २ कोटी ४० लाख लोक होते. वर्गणी मागताना त्यानं कुठल्या कंपनीला आपल्या नावावर नफा कमवू दिला नाही. वाटेत त्याला एक १० वर्षांचा मुलगा भेटला. त्याचाही पाय हाडाच्या कर्करोगानं गेला होता. तो मुलगा टेरीच्या मागं मागं सायकल चालवत गेला. तो माझ्याच वयाचा, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

पण १ सप्टेंबर १९८० ला थंडर बे शहराजवळ टेरीला खोकला आला, छातीत दुखू लागलं. कर्करोग फुप्फुसात गेला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा रस्तासुद्धा एवढा लांब नाही. तिथं त्याला थांबावं लागलं. पुढचा समुद्र राहून गेला.

मग लोक पुढे आले. पोरांनी खाऊचे पैसे दिले, मोठ्यांनी पगारातले दिले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. माणशी एक डॉलर पुरा झाला. हे टेरीनं जिवंतपणी पाहिलं. २८ जून १९८१ ला तो वारला. तेवीस वर्षं पुरी व्हायला एक महिना कमी होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली. ३ लाख लोक आले. तेव्हापासून दरवर्षी ती होते. दुसऱ्या देशांतही होते, आपल्या मुंबईतही झाली आहे. टेरीची आई बेटी शाळाशाळांत जाऊन मुलांना त्याची गोष्ट सांगायची. ती २०११ साली वारली. आजवर ८० कोटी डॉलरच्या वर पैसा जमला आहे. त्यातून सगळ्या तऱ्हेच्या कर्करोगांवर संशोधन चालतं, रक्ताच्यासुद्धा.

या दौडीत पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं. कुणी पळतो, कुणी चालतो, कुणी चाकाच्या खुर्चीत बसून येतो. आपल्या शाळेच्या स्पर्धेत पहिल्या तिघांना बक्षीस मिळतं, बाकीचे गप घरी जातात. मला वाटतं, एखादी अशी शर्यत आपणपण ठेवावी, की जिच्यात शेवटचा आलेला मुलगासुद्धा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. टेरीचा रस्ता अपुरा राहिला, पण तो हरला असं मला वाटत नाही. तो रस्ता अजून लोक धावतायत.

– इयत्ता चौथी