महाराजांची गाडी आणि आपला घसारा

आमचं भांडगाव पुणे-सोलापूर हायवेवर. सुट्टीत गावी गेलं की संध्याकाळी टपरीवर चहा घेत गाड्या बघत बसायचं, हा आमचा जुना उद्योग. एखादी बुटकी, रुंद, कान फाडणारी परदेशी गाडी सुसाट गेली की सगळ्यांचा एकच प्रश्न, केवढ्याची असेल? पण तीच गाडी विकायला काढली तर किती येतील, हे कुणी विचारत नाही. मित्रांनो, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो थेट इंदूरच्या राजवाड्यात! तिथे भेटले महाराज यशवंतराव होळकर, दुसरे.

होळकर तसे आपल्याच बाजूचे. नीराकाठच्या होळ गावावरून हे आडनाव पडलं. मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभं केलं, अहिल्याबाईंनी ते नावारूपाला आणलं. त्याच घराण्यात ६ सप्टेंबर १९०८ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. मुंबईतल्या गाजलेल्या बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीराव यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि अवघ्या सतराव्या वर्षी हा मुलगा महाराज झाला. शिक्षण इंग्लंडात, ऑक्सफर्डपर्यंत. १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले.

महाराजांना जुन्या थाटाचं वेड नव्हतं, नव्याचं होतं. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग महाल अगदी आधुनिक पद्धतीने बांधून आणि सजवून घेतला. क्रिकेटवरही त्यांचा तेवढाच जीव. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, तो त्यांच्याच आश्रयाने. आणि गाड्या? त्यांतली एक तर आजच्या भाषेत सुपरकारच!

तिचं नाव ड्यूसेनबर्ग एसजे. अमेरिकेत चासिस बनली, लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात तिच्यावर बॉडी चढली आणि १९३६ च्या सुमारास गाडी तयार झाली. रंग केशरी आणि काळा. मेकॅनिकलवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. ६.९ लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि जोडीला सुपरचार्जर. कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. हे सगळं नव्वद वर्षांपूर्वी! ड्यूसेनबर्गची नुसती चासिस सुरुवातीला ८,५०० डॉलरला मिळायची, बॉडीचे पैसे वेगळे. त्या काळात फोर्डची साधी गाडी ५०० डॉलरच्या आसपास येत होती.

१९३७ हे साल मात्र वाईट निघालं. महाराणी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात वारल्या. त्याच वर्षी मंदीने पिचलेली ड्यूसेनबर्ग कंपनीही बंद पडली. माणसाच्या जाण्याला कुठल्याच ताळेबंदात रकाना नसतो. गाडीला मात्र असतो, त्याला म्हणतात घसारा.

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण तो शिकतोच. एक लाखाची वस्तू, दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा, म्हणजे दहा वर्षांनी कागदावर उरतात जेमतेम १९,७०० रुपये. ड्यूसेनबर्गचं याहून वाईट झालं. कंपनी नाही, स्पेअर पार्ट नाहीत, पेट्रोल प्यायची भरमसाट, त्यात युद्धाची टंचाई आणि बदललेली फॅशन. १९४० च्या दशकात अमेरिकेत या राजेशाही गाड्या काही शे डॉलरलासुद्धा जात होत्या.

इकडे राज्यांचीही तीच गत झाली. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव १९५६ पर्यंत उपराजप्रमुख राहिले आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. वय फक्त ५३. त्यांची ड्यूसेनबर्ग अमेरिकेत गेली. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात निघालं आणि महालात आलं केंद्रीय अबकारी खात्याचं ऑफिस!

गोष्ट इथेच संपती तर आपला फॉर्म्युला बरोबर ठरला असता. पण जुन्या ड्यूसेनबर्ग जपणारी काही वेडी माणसं अमेरिकेत होती. १९५२ मध्ये त्यांनी क्लब काढला. कुठला पार्ट कोणत्या गाडीचा, कोणती बॉडी कोणी बांधली, याच्या नोंदी जमवल्या. बंद इंजिनं उघडून पुन्हा चालू केली. भाव हळूहळू चढत गेले. २०१८ मध्ये १९३५ ची एक ड्यूसेनबर्ग, अभिनेता गॅरी कूपरची, लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. आपल्या फॉर्म्युल्यातली रेघ फक्त खाली जाते, ही तर वर गेली!

म्हणून आज सुपरकार घेतली की पैसे वाढतात, असं मात्र कुणी समजू नये. मॅक्लारेन एफ-१ फक्त १०६ बनल्या, म्हणून त्यांतली एक २०२१ मध्ये २ कोटी डॉलरच्या वर गेली. जी गाडी कंपनी हवी तेवढी बनवते, तिचा भाव शोरूमच्या दारातच पडतो. भारतात आयातशुल्कामुळे मूळ किंमत फुगलेली असते. दुसरा मालक त्या शुल्काचा विचार करत नाही, तो सर्व्हिसिंगचा आणि पार्टचा खर्च मोजतो.

मला यातून एवढंच कळलं की दुर्मिळपणा आपल्या हातात नाही, पण गाडी चालू ठेवणं आणि तिच्या नोंदी ठेवणं हे आपलंच काम आहे. महाराजांकडे पैसा होता, पण ड्यूसेनबर्गची किंमत परत आणली ती हात काळे करणाऱ्यांनी. मागच्या वर्षी मी एका सीनिअरकडून जुनी बाईक घेतली. तिच्यासोबत त्याने सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाईल करून दिल्या होत्या. तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. आता ती फाईल माझ्या कपाटात आहे, आणि पुढच्या ज्युनिअरसाठी मी तिच्यात भर घालतोय.