पंचवीस इंची नळीचा चर्चिल

मंडळी, तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली दुनळी बाराबोअर बंदूक असेल. तिची नळी किती इंच आहे, हे कधी मोजलंय का? आणि ती कारखान्यातून निघाली तेव्हाही तेवढीच होती का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तो का, ते समजण्यासाठी लंडनच्या रॉबर्ट चर्चिलची हकीकत ऐका. विन्स्टन चर्चिल नव्हे बरं का! हा बंदुका बनवणारा.

रॉबर्टचा जन्म १८८६ चा. काका एडविन जॉन चर्चिल यांचं लंडनला बंदुकांचं दुकान. पोरगा तिथंच शिकला, आणि १९१० साली काका वारल्यावर कारभार त्याच्याकडे आला. त्या काळी तितर-फेजंटच्या शिकारीची बंदूक म्हणजे ३० इंच नळीची, हे ठरलेलंच. कारणही तसंच होतं. काळी दारू सावकाश जळते, तिला लांब नळी लागते. ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिलीय त्यांना हे सांगायला नको. पण पुढे धूर न करणारी दारू आली. ती नळीच्या पहिल्या काही इंचांतच बहुतेक जळून जाते. दारू बदलली, नळी मात्र तीच राहिली होती.

चर्चिलने ती २५ इंचांवर आणली. बंदुकीला नावच दिलं रोमन आकड्यांतलं पंचवीस. गडी स्वतः बुटका आणि जाडजूड, त्यामुळे हलकी, पटकन फिरणारी बंदूक त्याला मानवायची. दोन नळ्यांच्या मधली पट्टी त्याने उंच आणि पुढे निमुळती केली, म्हणजे खांद्याला लावल्यावर नळी आहे त्यापेक्षा लांब वाटते. नळीकडे बघू नका, पाखराकडे बघा, पाय आणि अंग वळलं की बंदूक आपोआप वळते, अशी त्याची शिकवण. १९५५ साली गेम शूटिंग हे पुस्तक निघालं, त्यातही हेच आहे. टीकाही भरपूर झाली. आखूड नळी मध्येच थांबते, आवाज कानाशी जास्त येतो, असं जुने शिकारी म्हणत. त्यात तथ्य होतं, पण बंदुका खपल्या.

इथंच घोटाळा झाला. फॅशन पाहून लोकांनी चांगल्या ३० इंची बंदुका कापून आखूड केल्या. आता छर्रे एकत्र ठेवणारी आवळण, तिला चोक म्हणतात, ती तोंडाकडच्या शेवटच्या दोन-तीन इंचांतच असते. नळी कापली की चोक गेला, छर्रे लवकर पांगायला लागले. चर्चिलची पंचविशी मुळातच तेवढी घडवलेली. कापलेली बंदूक म्हणजे शेपूट तोडलेला बैल. जाणकार गिऱ्हाईक म्हणून आधी तोंड बघतं. मूळ नळ्यांची टोकं एकमेकांना जवळजवळ टेकलेली असतात. कापलेल्यात मध्ये फट राहते, ती शिसं किंवा डाख घालून बुजवलेली दिसते.

चर्चिलचं दुसरं काम कोर्टातलं. काकानेही १९०३ च्या एका खून खटल्यात साक्ष दिली होती. रॉबर्टचं नाव गाजलं ते गटरिज प्रकरणात. सप्टेंबर १९२७ मध्ये इसेक्समधल्या एका खेड्याच्या रस्त्यावर या पोलीस शिपायाला गोळ्या घालण्यात आल्या. चोरीच्या मोटारीत एक रिकामं काडतूस सापडलं. त्याच्या बुडावर उमटलेल्या खुणा एकाच रिव्हॉल्व्हरच्या आहेत, हे तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, त्यांत चर्चिल होता. १९२८ च्या मे महिन्यात ब्राउन आणि केनेडी फासावर गेले. सांगायचं कारण हे की प्रत्येक हत्यार आपली खूण मागे ठेवतं, आणि ती वाचणारा माणूस असतो.

आपल्याकडे तितराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा तो विषयच नको. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ लक्षात ठेवा: परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. संरक्षण किंवा खेळासाठी साध्या नळीच्या बंदुकीचा परवाना देताना कलम १३ मध्येही २० इंचांहून कमी नसलेली नळी धरलेली आहे. आजोबांच्या काळात गावच्या लोहाराने तोंड फाटलं म्हणून चार इंच कापून दिलं असेल, तरी आज बंदूक तुमच्या ताब्यात आहे. पोलीस पाटलांनीही पंचनाम्यात नुसतं दुनळी न लिहिता लांबी लिहावी. मोजणं सोपं आहे. बंदूक उघडून दोन्ही घरं रिकामी असल्याची खात्री करा, मग ती बंद करून तोंडातून साफ करायची काठी अलगद आत सोडा. काठी टेकली की तोंडाशी खूण करा, बाहेर काढा आणि मोजा. बाहेरून नुसती फूटपट्टी लावली तर माप चुकतं.

चर्चिल १९५८ साली वारला. त्याच्या पंचविशी बंदुका आजही विकत घेणारे आहेत, आणि ते आधी नळीचं तोंडच बघतात.