नदी स्वच्छ करायची, पण पैसे कोण देणार? एडमंड मस्की यांची गोष्ट

शहराने सांडपाणी थेट नदीत सोडू नये, असा कायदा करता येतो. पण प्रक्रिया केंद्र उभारायला शहराच्या तिजोरीत पैसेच नसतील तर? अमेरिकेत या प्रश्नाला कायद्यातूनच उत्तर देणारे नेते म्हणजे सिनेटर एडमंड मस्की.

घाण नदीकाठचं बालपण

मस्की यांचा जन्म १९१४ साली मेन राज्यातल्या रम्फर्ड गावी झाला. वडील पोलंडमधून आलेले शिंपी. गावातून वाहणाऱ्या अँड्रोस्कॉगिन नदीत कागद गिरण्यांचं रसायनयुक्त पाणी आणि गावोगावचं मैलापाणी मिसळायचं. नदीची दुर्गंधी काठावरच्या लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग होती.

वकिली करून मस्की राजकारणात आले. १९५५ मध्ये ते मेनचे गव्हर्नर झाले आणि १९५९ मध्ये सिनेटमध्ये पोहोचले. १९६३ पासून हवा आणि पाणी प्रदूषणावरच्या उपसमितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.

अडचण नेमकी कुठे होती?

१९५६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार सांडपाणी प्रकल्पाच्या खर्चाचा ३० टक्के वाटा उचलायचं, तोही जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. मोठ्या शहरांसाठी ही रक्कम अगदीच तुटपुंजी होती. १९६६ मध्ये ही मर्यादा उठली आणि वाटा कमाल ५५ टक्क्यांपर्यंत गेला. तरीही घराघरातलं सांडपाणी गोळा करणाऱ्या वाहिन्यांना या योजनेतून पैसे मिळत नव्हते. वाहिन्याच नसतील, तर केंद्रापर्यंत पाणी पोहोचणार कसं?

१९७२ चा कायदा

मस्की यांच्या पुढाकाराने आलेल्या १९७२ च्या कायद्याने केंद्राचा वाटा ७५ टक्क्यांवर नेला. अनुदानास पात्र कामांची व्याख्याही रुंदावली. ठरावीक अटींवर सांडपाणी गोळा करणाऱ्या वाहिन्यांचा त्यात समावेश झाला. तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलरची तरतूद झाली.

खर्च फार आहे, असं म्हणत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. १८ ऑक्टोबर १९७२ रोजी संसदेने तो मोडीत काढला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १२, तर प्रतिनिधीगृहात २४७ विरुद्ध २३ मतं पडली. विशेष म्हणजे, त्याच वर्षी मस्की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर फेकले गेले होते.

लढाई इथे संपली नाही. निक्सन सरकारने मंजूर निधीचा मोठा हिस्सा रोखून धरला. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेलं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, या कायद्याने ठरवलेला निधी सरकारला असा अडवून ठेवता येणार नाही.

पुढे काय झालं?

१९८० मध्ये मस्की परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांची सिनेटमधली कारकीर्द संपली. १९८१ च्या दुरुस्तीने केंद्राचा वाटा आणि पात्र कामांची यादी दोन्ही कमी केली. १९८७ नंतर थेट अनुदानाची जागा हळूहळू सवलतीच्या कर्जांनी घेतली. १९९६ मध्ये मस्की यांचं निधन झालं.

अँड्रोस्कॉगिन आज त्यांच्या लहानपणापेक्षा खूप स्वच्छ आहे. त्यामागे प्रदूषणाला मनाई करणारे नियम आहेत, तसेच ते पाळता यावेत म्हणून शहरांना मिळालेले पैसेही आहेत. मस्की यांनी या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसवल्या होत्या.