वॉल्ट डिस्ने : आपल्याच उद्यानाचे नेमाचे पाहुणे

मनोरंजन उद्यानांना वरचेवर भेट देणाऱ्या हौशी मंडळींचा एक स्वतंत्र वर्ग जगभर तयार झाला आहे. कोणत्या वारी गर्दी कमी असते, कोणत्या राइडची रांग सकाळीच गाठावी, कोणती सफर पूर्वीपेक्षा आखूड झाली, याची खडान्‌खडा माहिती या मंडळींना असते. आधुनिक थीम पार्कचे जनक मानले जाणारे वॉल्ट डिस्ने हे स्वतः याच वर्गात मोडत होते. मिकी माऊसचे निर्माते म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षे त्यांचे मन चित्रपटांपेक्षा उद्यानातच अधिक रमले होते आणि त्यासाठी त्यांनी आपली खासगी मिळकतही पणाला लावली होती.

डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे झाला. वडील इलायस यांनी १९०६ साली मिसूरी राज्यातील मार्सलिन या लहानशा गावी शेती घेतली. सांता फे कंपनीची रेल्वे या गावावरून जात असे आणि घरातील एक नातलग त्याच मार्गावर इंजिनचालक होता. आगगाडीचे वेड वॉल्ट यांना येथेच लागले. शेती फार काळ टिकली नाही. वडिलांच्या आजारपणात ती विकावी लागली आणि १९११ साली कुटुंब कॅन्सस सिटी येथे आले. तेथे वडिलांनी वृत्तपत्र वितरणाचे काम घेतले. पहाटे साडेतीन-चारला उठून, हिवाळ्यात बर्फ तुडवत, घरोघरी अंक टाकण्याचे काम वॉल्ट यांना सुमारे सहा वर्षे करावे लागले. या कामाचा मोबदला म्हणून वडील त्यांच्या हातावर काही ठेवत नसत.

याच शहरात, घरापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, इलेक्ट्रिक पार्क नावाचे करमणूक उद्यान होते. रात्री हजारो विजेच्या दिव्यांनी ते उजळून निघे आणि आतषबाजीने दिवसाचा समारोप होई. तिकिटाचे पैसे क्वचितच हाती असत. त्यामुळे हा थाट बहुतेक वेळा बाहेरूनच पाहावा लागे, असे सांगितले जाते. पुढे १९२५ साली हे उद्यान आगीत भस्मसात झाले. डिस्नेलँडमधील रात्रीच्या आतषबाजीचे मूळ अनेक चरित्रकारांनी याच उद्यानात शोधले आहे.

डिस्ने यांच्या चित्रपट कारकिर्दीविषयी विपुल लिहिले गेले असल्याने तिचा येथे केवळ धावता उल्लेख पुरेसा आहे. कॅन्सस सिटीतील पहिला व्यवसाय १९२३ साली दिवाळखोरीत गेला. त्याच वर्षी वॉल्ट यांनी हॉलीवूड गाठून थोरले बंधू रॉय यांच्यासह स्टुडिओ उभारला. १९२८ साली ऑस्वाल्ड या सशाच्या व्यक्तिरेखेचे हक्क वितरकाकडेच असल्याचे उघड झाले आणि ती हातची गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिकी माऊस ध्वनीसह पडद्यावर आला. १९३७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्नो व्हाइट’ने दीर्घ ॲनिमेशनपटाचे युग सुरू केले. मात्र १९४१ साली स्टुडिओतील कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. तो वॉल्ट यांच्या जिव्हारी लागला आणि सहकाऱ्यांशी त्यांचे पूर्वीचे जिव्हाळ्याचे नाते पुन्हा जुळले नाही. या प्रकरणी त्यांची बाजू निर्दोष होती, असे म्हणता येत नाही. महायुद्धाच्या काळात स्टुडिओ कर्जात बुडाला. चित्रपट हे काम वॉल्ट यांना आता अपुरे वाटू लागले होते, कारण एकदा प्रदर्शित झालेल्या चित्रपटात काहीही सुधारता येत नाही.

दोन्ही मुली लहान असताना शनिवारी त्यांना बाहेर फिरावयास नेण्याचा वॉल्ट यांचा परिपाठ होता. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. मोठ्यांनाही मुलांबरोबर आनंद घेता येईल अशी जागा असावी, हा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला, असे ते पुढे सांगत असत. त्या काळातील बहुतेक करमणूक उद्याने अस्वच्छ होती. तेथील कामगार उद्धट असत आणि कुटुंबासह जाण्याजोगे वातावरण तेथे क्वचितच आढळे.

१९४८ साली वॉल्ट यांनी सहकारी वॉर्ड किंबॉल यांच्यासह शिकागो येथील रेल्वे प्रदर्शन पाहिले. परतल्यानंतर ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी लहानशा उद्यानाचे टिपण तयार केले. पाठोपाठ स्वतःच्या घराच्या आवारात त्यांनी वाफेवर चालणारी छोटी आगगाडी बांधली आणि पत्नी लिलियन यांच्या नावावरून इंजिनाला ‘लिली बेल’ असे नाव दिले. १९५३ साली एका लहान मुलीला वाफेचा चटका बसला, तेव्हा त्यांनी ही गाडी कायमची बंद केली. तोपर्यंत मोठ्या गाडीचे आराखडे तयार होत होते.

स्टुडिओजवळ बरबँक येथे उद्यान उभारण्याचा प्रस्ताव नगरपालिकेने मान्य केला नाही. जत्रेचा गोंगाट शहरात नको, असे तेथील सदस्यांचे मत पडले. बंधू रॉय हे कंपनीचे आर्थिक व्यवहार पाहत. कर्जाचा डोंगर समोर असताना या नव्या छंदात पैसा ओतण्यास त्यांचा विरोध होता. तेव्हा वॉल्ट यांनी १९५२ साली स्वतःची वेगळी कंपनी स्थापन केली, आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि पाम स्प्रिंग्ज येथील घर विकले. पत्नीलाही या साहसाची धास्ती वाटत होती. आज या उद्यानाचा पसारा पाहणाऱ्यांना ही भीती अनाठायी वाटेल, पण त्या वेळी ती शहाणपणाचीच होती.

१९५३ साली हॅरिसन प्राइस या तज्ज्ञाने लोकसंख्या, हवामान आणि रस्ते यांचा अभ्यास करून लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस ॲनाहाइम येथील संत्र्यांच्या बागांची १६० एकर जागा सुचविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चित्रकार हर्ब रायमन यांनी शनिवार-रविवार या दोन दिवसांत उद्यानाचे मोठे चित्र रेखाटले. वॉल्ट शेजारी बसून वर्णन करीत होते आणि रायमन काढत होते. तोवर विरोध सोडून दिलेले रॉय हे चित्र घेऊन न्यूयॉर्कला गेले. अखेर ए.बी.सी. या दूरचित्रवाणी कंपनीने ५ लाख डॉलर गुंतविले आणि ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाची हमी दिली. मोबदल्यात तिला उद्यानात एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा आणि दर आठवड्याचा डिस्ने यांचा कार्यक्रम मिळाला. दूरचित्रवाणीला शत्रू मानणाऱ्या हॉलीवूडमध्ये हा करार धाडसाचा ठरला. डिस्ने यांनी १९६० साली हा हिस्सा ७५ लाख डॉलरना परत घेतला आणि १९९६ साली तर डिस्ने कंपनीने ए.बी.सी.च विकत घेतली.

नोव्हेंबर १९५३ मध्ये शिकागो येथे करमणूक उद्यानांच्या मालकांचे अधिवेशन भरले होते. प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आराखडा तेथील काही अनुभवी मालकांपुढे मांडला. त्यांनी एकमुखाने अपयशाचे भाकीत वर्तविले. एकच प्रवेशद्वार ठेवल्यास कोंडी होईल, पैसे न मिळवून देणारा किल्ला आणि बागबगीचा म्हणजे उधळपट्टी आहे, मद्यविक्री आणि नशिबाचे खेळ नसतील तर उत्पन्न कोठून येणार, असे त्यांचे आक्षेप होते. वॉल्ट यांनी यातील एकही सल्ला मानला नाही. एकच प्रवेशद्वार त्यांना मुद्दाम हवे होते. प्रत्येक पाहुण्याने जुन्या धाटणीच्या मुख्य रस्त्यावरूनच आत यावे, समोर दूरवर किल्ला दिसावा आणि पावले आपोआप तिकडे वळावीत, अशी ती योजना होती. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून बाहेरचे जग दृष्टीआड केले गेले आणि त्या बांधावरून आगगाडी धावू लागली.

बांधकामास जेमतेम एक वर्ष मिळाले आणि खर्च १ कोटी ७० लाख डॉलरवर पोहोचला. १७ जुलै १९५५ रोजी, रविवारी, निमंत्रितांसाठी उद्यान उघडले, तेव्हा कडक ऊन होते. बनावट प्रवेशपत्रिकांमुळे अपेक्षेच्या दुपटीहून अधिक, सुमारे २८ हजार लोक आत शिरले. नुकत्याच घातलेल्या डांबरात स्त्रियांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची कारंजी आणि स्वच्छतागृहे यांपैकी एकच काम वेळेत पुरे होणार होते. वॉल्ट यांनी स्वच्छतागृहे निवडली आणि तहानलेल्या पाहुण्यांचा रोष पत्करला. उपाहारगृहांतील खाद्यपदार्थ संपले, गॅसगळतीमुळे एक विभाग काही काळ बंद ठेवावा लागला. ए.बी.सी.वरून हा सोहळा देशभर थेट दाखविला जात होता आणि निवेदकांमध्ये पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांत हा दिवस ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला गेला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली, तथापि सात आठवड्यांतच १० लाखावा पाहुणा दाखल झाला.

सुरुवातीला प्रौढांना प्रवेशासाठी १ डॉलर पडे आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. पाहुण्यांना सतत पाकीट उघडावे लागते हे लक्षात आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकीटपुस्तिका सुरू झाल्या. १९५९ साली सर्वांत आकर्षक राइडसाठी ‘ई’ वर्गाचे तिकीट आले. ही पद्धत १९८२ साली बंद झाली, तरी उत्तम राइडला ‘ई तिकीट’ म्हणण्याची सवय जुन्या पाहुण्यांत टिकून राहिली.

उद्यान सुरू झाल्यावर वॉल्ट यांचा खरा उद्योग सुरू झाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. मुख्य रस्त्यावरील अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांनी छोटेसे निवासस्थान ठेवले होते. तेथे मुक्काम करून ते उद्यानात फिरत, रांगेत उभे राहत, लोकांचे बोलणे ऐकत. लोक फुलांचे ताटवे तुडवून जातात अशी तक्रार आली, तेव्हा कुंपण घालण्याऐवजी त्याच जागी पायवाट करावी, असे त्यांनी सांगितल्याची आठवण सांगतात. एकदा जंगल क्रूझ या नौकासफरीत ते बसले. ही सफर सात मिनिटांची असावयास हवी होती. चालकाने ती साडेचार मिनिटांत उरकली. पाणघोडे दिसले न दिसले तोच मागे पडले होते. वॉल्ट यांनी तेथील प्रमुख डिक न्यूनिस यांना बाजूला घेऊन बराच वेळ आपली नाराजी ऐकविली. पाहुण्याने पूर्ण सफरीचे पैसे मोजले असताना त्याला अर्धीमुर्धी सफर का मिळावी, हा त्यांचा मुद्दा होता. न्यूनिस यांनी घड्याळ लावून सर्व चालकांकडून सराव करून घेतला. पुढच्या भेटीत वॉल्ट वेगवेगळ्या चालकांबरोबर लागोपाठ चार वेळा बसले आणि काहीही न बोलता समाधानाने निघून गेले. याच सफरीत १९६२ साली भारतीय हत्तींच्या स्नानाचे यांत्रिक दृश्य समाविष्ट झाले. तेथील काही अन्य दृश्ये मात्र परकीय समाजांचे विकृत चित्रण करणारी होती आणि ती कंपनीने २०२१ साली बदलली.

१९५९ साली मॅटरहॉर्न हा पोलादी नळ्यांच्या रुळांवरचा पहिला रोलर कोस्टर, मोनोरेल आणि पाणबुडीसफर एकाच वेळी सुरू झाल्या. १९६३ साली बोलणारे, गाणारे यांत्रिक पक्षी आले. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्ने यांच्या चमूने चार दालने उभारली. त्यांतील बाहुल्यांची नौकासफर पुढे ॲनाहाइमला आणण्यात आली.

एक शल्य मात्र वॉल्ट यांना कायम राहिले. उद्यानाभोवती इतरांची हॉटेले आणि झगमगाट उभा राहिला होता आणि त्यावर त्यांचे नियंत्रण नव्हते. म्हणून फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, नाव गुप्त ठेवून आणि अनेक लहान कंपन्यांमार्फत, सुमारे २७ हजार एकर जमीन खरेदी करण्यात आली. नोव्हेंबर १९६५ मध्ये ही योजना जाहीर झाली. तेथे त्यांना केवळ उद्यान नव्हे, तर भविष्यकालीन नगर वसवावयाचे होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांनी या योजनेची माहिती देणारी चित्रफीत केली.

पुढच्याच महिन्यात त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ते आयुष्यभर सिगारेट ओढत आले होते. रॉय यांनी पुढे सांगितल्यानुसार, रुग्णालयातील अखेरच्या रात्री वॉल्ट बिछान्यावर पडून छताच्या चौकोनी फरशांवर बोटाने रस्ते दाखवीत फ्लोरिडाचा नकाशा समजावून देत होते. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ते ६५ वर्षांचे होते. ॲनाहाइममध्ये बांधकाम चालू असलेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही सफर मार्च १९६७ मध्ये सुरू झाली.

निवृत्तीच्या विचारात असलेले रॉय ७३ व्या वर्षी पुन्हा कामाला लागले. ज्या योजनेला एकेकाळी त्यांनी विरोध केला असता, ती पूर्ण करणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. हे उद्यान कोणाचे हे लोकांना कळावे म्हणून केवळ डिस्ने वर्ल्ड न म्हणता वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असे पूर्ण नाव असावे, असा त्यांनी आग्रह धरला. नगराची कल्पना मात्र प्रत्यक्षात आली नाही. तिचे नाव घेऊन १९८२ साली उघडलेले एपकॉट हेही अखेर एक उद्यानच झाले. फ्लोरिडातील उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच २० डिसेंबर रोजी रॉय यांचेही निधन झाले.